आमचं आडनाव एका बाईवरून पडलं

मैत्रिणींनो, ही गोष्ट सुरू झाली एका फ्लेक्सपासून.

२०२३ च्या दिवाळीनंतरचे दिवस. गावोगाव जुन्या कुणबी नोंदी शोधण्याची धांदल चालली होती. शाळांची जनरल रजिस्टरं, तलाठ्याकडचे फेरफार, कोतवाल बुकं, जिथं म्हणून जुना कागद होता तिथं माणसं रांगा लावून उभी होती. मोडी वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांना एकाएकी सोन्याचा भाव आला होता. दाखल्याच्या अर्जाला वंशावळ जोडावी लागते, म्हणून आमच्या भावकीनंही कंबर कसली. माझा एक चुलतभाऊ यात सगळ्यांच्या पुढं. त्यानं सात पिढ्यांची नावं जमवली आणि यात्रेच्या दिवशी ती भल्यामोठ्या फ्लेक्सवर छापून देवळापुढं लावली. मधोमध वडाचं झाड, बुंध्याशी घोड्यावर बसलेला मूळ पुरुष आणि फांद्याफांद्यांवर नावं.

मी ती नावं मोजली. एकशे चौदा भरली. त्यात एकही बाई नव्हती.

"अरे, बायका कुठंयत?" मी विचारलं.

"आक्का, लेकी दुसऱ्याच्या घरी जात्यात आन् सुना दुसऱ्याच्या घरनं येत्यात. त्यांना झाडावर कुठं लावायचं? झाड नुसतं पसरंल."

सगळे हसले. मीही हसले. पण रात्री झोप लागेना. एकशे चौदा माणसं, आणि त्यातलं एकही आईच्या पोटातून आलेलं नाही! फांदीला फांदी फुटावी तसा पुरुषाला पुरुष फुटत गेलेला. ज्या घरात मी जन्मले, ज्या घरात माझी आई चाळीस वर्षं राबली, त्या घराच्या झाडावर आम्हा दोघींना एका पानाइतकीही जागा नव्हती.

आमचं आडनाव मी इथं लिहीत नाही. भावकीतली माणसं हयात आहेत, आणि प्रश्न एका घराण्याचा नाही. सोयीसाठी 'अमुककर' म्हणू. या आडनावाची हकीकतही त्या फ्लेक्सवर छापली होती. सातारच्या छत्रपतींनी आमच्या मूळ पुरुषाला लढाईतल्या पराक्रमाबद्दल अमुक हे गाव इनाम दिलं, म्हणून आम्ही अमुककर. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत इतिहास शिकवला आहे. पुरावा विचारायची खोड जात नाही. म्हटलं, सगळे कागद शोधतायत, तर आपणही शोधू. ते दाखल्यासाठी शोधतात, आपण बाईसाठी शोधू.

आपली मराठी आडनावं कशी पडली हे पाहिलं तर मोठी मौज वाटते. कुणी कामावरून सुतार-लोहार झालं, कुणी हुद्द्यावरून पाटील-कुलकर्णी-देशमुख झालं. कुणाच्या पूर्वजाची कुणी टर उडवली, ती टवाळीच पुढं नातवंडांच्या कपाळी बसली. सातपुते, अष्टपुत्रे, दशपुत्रे अशीही आडनावं आहेत. सात मुलगे, आठ मुलगे, दहा मुलगे. पण 'अष्टकन्ये' असं आडनाव कुणी ऐकलंय? आठ मुली झालेल्या बाईला तिच्या दारात काय ऐकावं लागलं असेल ते आपल्याला माहीत आहे. त्याचं आडनाव होत नाही.

आणि साध्या शेतकऱ्याला तर पूर्वी कागदावर आडनाव लागतही नसे. जुन्या नोंदीत 'अमका बिन तमका, कुणबी' एवढंच असतं. बिन म्हणजे मुलगा. माणूस, त्याचा बाप आणि जात, झाली ओळख. आडनावाची गरज पडली ती शाळेत, पलटणीत, गिरणीत, जिथं शंभर गावांची माणसं एका हजेरीपटावर आली तिथं. तिथं मास्तर नाहीतर मुकादम विचारी, "कुठला रे तू?" आणि गावाला 'कर' जोडून मोकळा होई. बाबासाहेबांचं मूळ आडनाव सकपाळ, पण शाळेत लागलं ते अंबडवे गावावरून.

इथं मला एक गोष्ट खटकली. 'कर' लावलेलं आडनाव गाव सोडल्यावर पडतं. कऱ्हाडात राहणाऱ्याला कऱ्हाडात कुणी कऱ्हाडकर म्हणत नाही. तो साताऱ्याला गेला की कऱ्हाडकर होतो. आमचं घर तर कृष्णाकाठचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. अमुक हे गाव माण तालुक्यातलं, कोरडं ठणठणीत. आमच्या घराण्यातला कुणी कधी तिथं नांदला असल्याची नोंद नाही. मग आम्ही अमुककर कसे?

गाव सोडून येणारं माणूस आमच्या घरात एकच असतं. ते म्हणजे सून.

आमच्या भागात सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत आहे. एका घरात तीन जावा असतील तर एक फलटणकरीण, एक औंधकरीण, एक विटेकरीण. माझ्या आईलाही माझी आजी तशीच हाक मारायची. यात जिव्हाळा आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, घरात वीस वर्षं काढली तरी तू बाहेरची, याची ती रोजची आठवणही होती. पण एवढं खरं, की बाईचं सगळं पुसलं गेल्यावरही तिच्या मागं जे उरायचं, ते तिच्या गावाचं नाव.

मी आत्याकडं गेले. माझी सख्खी आत्या, सत्त्याऐंशी वर्षांची. डोळे गेलेत, स्मरण शाबूत आहे.

"आत्या, आपल्यात अमुकची सून कोण होती गं?"

"कोन म्हंजे? म्हातारी. माज्या बाची आय. तुजी पनजी."

"तिचं नाव काय होतं?"

आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाव कोन घेनार गं तिचं? घरात समदी अमुककरीन म्हनायची. माजा बा आये म्हनायचा. आमी म्हातारी म्हनायचो. लग्नात लक्ष्मी ठिवलं आसंल, तवा घरोघर लक्ष्म्याच आसायच्या. म्हायेरचं नाव म्हायेरच्यास्नी ठाव."

मग तिनं मला जे सांगितलं ते सत्तर वर्षांत माझ्या कानावर आलं नव्हतं.

१८९९-१९०० च्या दुष्काळात पणजीचं लग्न झालं. तेरा-चौदा वर्षांची असेल. "दिली तिला. येक तोंड कमी झालं," आत्या म्हणाली. दोन मुलगे झाले. थोरला माझा आजा, १९०३ चा. १९११ च्या सुमाराला पणजोबा प्लेगात गेले. तेव्हाच्या रिवाजानं एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्राखेरीज काही मिळायचं नाही, आणि तेही दिराच्या मर्जीवर. दीर मर्जीतला नव्हता. पणजी दोन्ही पोरं घेऊन मुंबईला गेली. गिरणगावात आमच्या भागातल्या गड्यांचा एक गाळा होता. त्यांना डाळ-भाकरी रांधून घालायला तिनं सुरुवात केली. दोन माणसांची पाच झाली, पाचांची वीस झाली. लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणी किती वेळा जेवलं याचा हिशोब ती भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवायची. म्हणे, महिन्याच्या पगाराला तिच्या रेघा आणि मुकादमाचा आकडा यांत पैचा फरक पडला नाही. चाळीत तिला सगळे 'अमुककरीणबाई' म्हणत.

गिरणगावातल्या अशा किती बायकांनी किती पुरुषांना जेवू घातलं असेल! एकट्या बापयांनी चालवलेल्या मुंबईचा इतिहास आपण वाचतो. त्यांच्या पोटात भाकरी कुणी घातली याचं पान त्यात शोधावं लागतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खाणावळवाल्या बायकांना एकत्र केलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या दारात उभं केलं, तेव्हा कुठं 'ही बाई कामगार आहे' असं लोक म्हणू लागले. माझ्या पणजीला तोवर जाऊन चोवीस वर्षं झाली होती.

आता कागद. चुलतभावानं दाखल्यासाठी काढलेल्या नकलांचा गठ्ठा मी मागून घेतला. त्यानं त्यात 'कुणबी' हा शब्द शोधला होता. मी बाई शोधली.

पहिला कागद १९१२ चा फेरफार, मोडीतला. एका निवृत्त कारकुनांकडून वाचून घेतला. पणजोबा 'अमका बिन तमका' मयत झाले, वारस दोन मुलगे, दोघं अज्ञान, आणि पुढं 'अ. पा. क. आई'. अज्ञान पालन कर्ता आई. बस, एवढंच. मुलांची नावं आहेत, मेलेल्या बापाचं आहे, त्याच्या बापाचं आहे. जी जिवंत आहे, जी त्या दोन पोरांना वाढवते आहे, तिच्या नावाची जागा 'आई' या दोन अक्षरांनी भागवली. आणि लक्षात घ्या, या कागदात अमुककर हे आडनावही नाही.

दुसरा कागद गिरणगावातल्या एका शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, १९१३ चा. विद्यार्थ्याच्या नावापुढं पहिल्यांदाच 'अमुककर'. पालकाच्या रकान्यात 'आई, अमुककरीण', आणि धंद्याच्या रकान्यात 'खाणावळ'.

तो उतारा हातात धरून मी किती वेळ बसले कोण जाणे. मास्तरांनी विचारलं असेल, "कुणाचा रे तू?" आणि दहा वर्षांचं पोर म्हणालं असेल, "अमुककरीणबाईंचा." मास्तरांनी बाईचा 'करीण' काढून पोराला 'कर' लावला. इनाम नाही, घोडा नाही, लढाई नाही. तिचं गाव तेवढं.

तिसरा कागद १९२२ चा फेरफार. आजा सज्ञान होऊन गावाकडं आला, त्यानं जमीन सोडवून घेतली. खाणावळीच्या पैशांतून घेतली, असं आत्या सांगते. कागद त्याबद्दल गप्प आहे. नोंद अशी: अमुक अमुककर, ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. आणि जुन्या नोंदीतल्या 'आई' या शब्दाला कंस. सातबाऱ्याची माहिती असलेल्या मैत्रिणींना सांगायला नको, नावाला कंस झाला म्हणजे त्या माणसाचा संबंध संपला. पण इथं नावही नव्हतं. कंस झाला तो 'आई' या शब्दाला.

चौथा कागद कोतवाल बुकातला, १९५१ चा. मयताच्या नावाच्या रकान्यात 'अमुकची आई'. वय ७०. कारण म्हातारपण. जन्मभर तिचं वय कुणी मोजलं नाही. मरताना अंदाजानं चार-पाच वर्षं जास्तच लावून दिली.

मी माणमध्ये त्या गावीही जाऊन आले. तिच्या भावाच्या नातवाचं घर सापडलं. चांगली माणसं, चहा-पाणी केलं. इनामाची गोष्ट सांगितली तर घरातली म्हातारी सून खो खो हसली. "इनाम? इथं प्याया पानी न्हवतं, ते इनाम कोन घिल?" 'मुंबईची आत्या' म्हणून माझ्या पणजीची आठवण तिथं होती. दुष्काळात भावाला पैसे धाडायची, नव्या घराचे दरवाजे तिनं करून दिले, दरवाजे अजून आहेत. नाव? नाव नव्हतं. सासरी ती अमुककरीण, माहेरी ती मुंबईची आत्या.

मला वाटायचं, नाव हरवणं हे माझ्या अडाणी पणजीच्याच वाट्याला आलं. पण थोरामोठ्यांच्या घरी तरी काय होतं? आनंदी जोशी लग्नाआधी यमुना होती. रमाबाई रानडेही लग्नाआधी यमुना होत्या. लक्ष्मीबाई टिळक मनकर्णिका गोखले होत्या. तबकात तांदूळ पसरायचे, त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं, की चौदा-पंधरा वर्षांची नाहीतर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी संपली. या बायकांनी लिहिलं, त्यांच्यावर लिहिलं गेलं, म्हणून त्यांची पहिली नावं आपल्याला ठाऊक. बाकी लाखो यमुना त्या तांदळाबरोबर शिजून गेल्या. माझंही नाव १९७९ साली असंच बदललं. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, आणि बँकेत 'या दोन्ही बाया एकच' असं शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहून दिलंय. नवऱ्याचं नाव घ्यायला आपल्याकडं उखाणा आहे. बाईनं स्वतःचं नाव घ्यावं, यासाठी कुठला सण आहे?

उलटी उदाहरणंही आहेत, ती आपण लक्षात ठेवायला हवीत. 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई बुलढाण्याच्या बापूजी हरी शिंदे यांची लेक, नवरा घरजावई, आणि १८८२ च्या त्या पुस्तकावर नाव ताराबाई शिंदे. न रुचलेला विवाह नाकारणाऱ्या रखमाबाई पुढं डॉक्टर झाल्या, तरी जन्मभर नुसत्या डॉ. रखमाबाईच राहिल्या. कुणाचंही आडनाव न लावता त्यांची ओळख अडली नाही.

हे सगळं मी चुलतभावाला सांगितलं. कागद पुढं ठेवले. तो वाईट माणूस नाही. उतारा दोनदा वाचला, गप्प झाला, मग हळूच म्हणाला, "आक्का, हे चार माणसांत बोलू नको. बाईवरनं आडनाव पडलं म्हटलं तर लोक काय म्हणतील? बाप नव्हता का, म्हणतील."

मैत्रिणींनो, दुखणं इथं आहे. बापाचं नाव म्हणजे इज्जत आणि आईचं नाव म्हणजे संशय. ज्याला आईचं नाव लावायची वेळ आली, त्याच्यात काहीतरी खोट. नाशिकच्या लेण्यांत जाऊन बघा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी गौतमी बलश्री नावाच्या राणीनं तिथं आपल्या मुलाची कीर्ती कोरून ठेवली आहे. तो गौतमीपुत्र सातकर्णी. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. म्हणून तेव्हा बायकांचं राज्य होतं असं मी म्हणत नाही. राज्य पुरुषांचंच होतं. पण या मातीतल्या सगळ्यात बलाढ्य राजांना आईचं नाव आधी लावायची लाज वाटली नाही, आणि आमच्या भावकीला मात्र एका कष्टाळू विधवेची लाज वाटते.

मी म्हटलं, "बरं, तिचं राहू दे. निदान पुढच्या फ्लेक्सवर लेकी-सुनांची नावं तरी टाक." तेव्हा तो जे बोलला ते खरं कारण होतं. "आक्का, लेकींची नावं एकदा वंशावळीत आली की उद्या हिश्श्याला उभ्या राहतील."

म्हणजे झाड पसरेल ही भीती नव्हती. जमीन वाटली जाईल, ही होती.

वंशावळ हा काही नुसता हौसेचा कागद नाही. वारसनोंदीच्या वेळी तलाठ्यापुढं हीच यादी ठेवतात. मुलीचं नाव यादीतून गाळलं की तिला हक्क नाकारावाही लागत नाही. ती जन्मलेलीच नसते. कायदा केव्हाच पुढं गेला. १९३७ च्या कायद्यानं विधवेला मर्यादित हक्क दिला. १९५६ नं तिला पूर्ण मालकी आणि लेकीला वारसा दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये तो भेद केंद्राच्या कायद्यानं काढला. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, त्यासाठी बाप २००५ साली हयात असायला हवा असं नाही. एवढं सगळं झालं, तरी गावात आजही यादी तीच, एकशे चौदा पुरुषांची.

आणि आता स्वतःची गोष्ट सांगते, नाहीतर हा लेख खोटा ठरेल. १९९६ साली माझे वडील गेले. दिवस झाल्यावर भावानं कागद पुढं केला, हक्कसोडपत्र. माझं लग्न आधीच झालेलं, म्हणजे १९९४ च्या कायद्यात मी बसत नव्हते. पण १९५६ च्या कायद्यानं वडिलांच्या हिश्श्यात वारस होतेच. मला हे माहीत होतं. मी शिक्षिका होते, मोर्चाला जाणारी होते, शिबिरांत इतर बायकांना 'सही करण्याआधी वाचा' सांगणारी होते. तरीही सही केली. माहेर तुटेल ही भीती. साडी-चोळी घेऊन परत आले. नोंदीत माझ्या नावाला कंस झाला. पणजीच्या 'आई'ला जसा झाला होता, तसाच. फरक एवढाच की तिला कुणी विचारलं नव्हतं आणि मी स्वतःच्या अक्षरात सही केली होती.

म्हणून मी तिला शोधते आहे की स्वतःला, असा प्रश्न मला पडतो.

कुणी म्हणेल, माहेरचं आडनाव लावलं तरी ते बापाचंच, मग एवढा आटापिटा कशाला? खरं आहे. मागं मागं गेलं तर प्रत्येक आडनावाच्या टोकाला एखादा पुरुषच बसवलेला दिसतो. पण 'बसवलेला' म्हणते मी. आमच्या आडनावाच्या टोकाला घोड्यावर बसलेला पुरुष होता. खाली उतरवून पाहिलं तर चुलीपुढं बसलेली बाई निघाली. किती आडनावांखाली अशा बायका असतील, कोण जाणे. शोधल्याशिवाय कळायचं नाही.

सरकारनं एक पाऊल टाकलंय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. चांगलं झालं. पण याच निर्णयात लग्न झालेल्या बाईची रीत जुनीच ठेवली आहे, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मिळकतीच्या कागदावर हवं तर लग्नाआधीचं नाव लावायची मुभा आहे, पण ही मुभा आहे हे किती बायकांना माहीत आहे? आणि तलाठ्यापुढं उभं राहून ती मागायची हिंमत किती जणींत? शिवाय आईचं नाव एका पिढीपुरतं. नातवाच्या कागदावर आजी नसेलच. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, की बाप जिवंत असला तरी तो मुलाकडं बघत नसेल तर आई ही नैसर्गिक पालक ठरू शकते. माझी पणजी १९१२ साली ते करतच होती. कोर्टाला कळायला सत्त्याऐंशी वर्षं लागली.

कायद्याची वाट बघताना आपल्या हातात काय आहे? मला सुचलं ते सांगते. आज संध्याकाळी एक वही घ्या. त्यात आपलं नाव लिहा, लग्नाआधीचं आणि नंतरचं दोन्ही. खाली आईचं, तशीच दोन्ही. मग आईच्या आईचं. मग तिच्या आईचं. बहुतेक जणी तिसऱ्या नाहीतर चौथ्या ओळीला अडतील. अडलात की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडं जा, आजच जा. ती गेली की ती ओळ कायमची कोरी राहील. हेमा रायरकर आणि गी पॉइतवॅं यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बायकांची नावं नोंदवून ठेवली. आपल्याला लाख नावं नकोत, पाच पुरे. आणि घरात वारसनोंद निघेल तेव्हा यादी स्वतः वाचा. त्यात आई आहे का, बहिणी आहेत का, मेलेल्या बहिणीची मुलं आहेत का, बघा. हक्क घ्यायचा की सोडायचा हे नंतर ठरवा. पण आधी यादीत असा.

यंदा यात्रेला मी पुन्हा गावी गेले. फ्लेक्स उन्हानं फिकट झाला होता. चुलतभावाची दहावीतली नात माझ्याबरोबर होती. मी तिला पणजीची सगळी हकीकत सांगितली, रेघांची, रजिस्टरची, कंसाची. तिनं दप्तरातून मार्कर काढला आणि झाडाच्या बुंध्याशी, घोड्याच्या पायाजवळ, ठळक अक्षरांत लिहिलं: 'अमुककरीण, खाणावळ.'

चुलतभावानं ते पाहिलं. नातीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पुसलं मात्र नाही.